डब्यात किती दिवसांचं धान्य आहे?

ही वही एका प्रश्नामुळे सुरू झाली. ऑगस्टमधली पावसाची दुपार होती. सुरक्षा क्लिनिकमध्ये फारसं कुणी नव्हतं. एक बाई आल्या, छत्री दाराबाहेर टेकवली आणि नाव नोंदवायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, मला धंदा सुरू करायचाय. अजून केलेला नाही. आधी काय काय बघावं लागतं?" वय ३४. कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम. नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेलेला, मुलगी सातवीत.

समुपदेशक म्हणून मी त्या खुर्चीत ११ वर्षं बसले आहे. गुप्तरोगाची लक्षणं, तपासण्या, गोळ्या, सगळं तोंडपाठ. या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्या एकाही तक्त्यावर नव्हतं. माझ्याकडे बाया येतात त्या धंद्यात पडल्यावर, बहुतेकदा काहीतरी बिनसल्यावर. आधी विचारायला आलेली ही पहिलीच. मी चहा सांगितला आणि त्यांना पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं. संध्याकाळी अक्कांना फोन केला.

*

अक्का आमच्या प्रकल्पातल्या सगळ्यात जुन्या पिअर, म्हणजे बायांमधल्याच कार्यकर्त्या. धंद्यात ३० वर्षं काढली. आता गुडघे गेले, पण वस्तीतल्या कुठल्या घरात कोण आजारी आहे ते आजही त्यांनाच आधी कळतं. मंगळवारी त्या आल्या. बाईंना खालून वर बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला: "घरात किती दिसांचं धान्य हाय?"

मला वाटलं, विषय टाळताहेत. बाई म्हणाल्या, "असेल आठवड्याचं."

"मग सुरू करू नगंस. दोन म्हैन्याचं भर, मग ये. डबा रिकामा असला की पयल्या माणसाला हो म्हणावं लागतंय. पयला माणूस कसा हाय ते तुला कळायच्या आत."

पुढे मी जे जे लिहिलं आहे, ते या एका वाक्यापाशी फिरून येतं.

*

मी त्यांना "करू नका" म्हटलं का? म्हटलं. प्रामाणिकपणे लिहून ठेवते. शिलाईचं मशीन, बचत गट, मेसचं काम, सगळे पर्याय सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पिशवीतून एक कागद काढला. घरभाडं, मुलीची फी, आईची औषधं, कारखान्याचा पगार. वजाबाकी करून आणली होती. मी सांगितलेले सगळे पर्याय त्यांनी आधीच मांडून, खोडून टाकले होते. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. सज्ञान बाईने हिशेब करून घेतलेल्या निर्णयावर माझं काम एवढंच, की तिच्या जिवाला धोका कमी कसा होईल ते बघणं.

*

अठराच्या आतली मुलगी समोर आली तर ही वही बंद. तिथे संमती हा शब्दच लागू होत नाही. तिथे पोक्सो कायदा आणि मुलांची हेल्पलाइन १०९८. आणि वय कितीही असो, कुणी आणून बसवलेली, कर्जात अडकवलेली, धमकावलेली बाई असेल तर आधी तिच्या सुटकेचं बघायचं. पोलिसांचा ११२ किंवा महिलांसाठीचा १८१. स्वतःच्या मर्जीने आलेली आणि जबरदस्तीने आणलेली, हे दोन दरवाजे वेगळे आहेत. एकाच चावीने दोन्ही उघडायला गेलं की दोन्हीकडच्या बायांचं नुकसान होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

*

कायदा. बाया त्याला 'पिटा' म्हणतात: अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला तो या बाईंसाठी. सज्ञान बाईने स्वतःच्या खोलीत, एकटीने, स्वतःच्या मर्जीने पैसे घेणं हा त्यात गुन्हा नाही. पण 'कुंटणखान्या'ची व्याख्या बघा: दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी वापरलेली जागा, किंवा दोन अगर अधिक बायांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली जागा. म्हणजे दोन मैत्रिणींनी मिळून खोली घेतली, एकीचं गिऱ्हाईक आत असताना दुसरी बाहेरच्या खोलीत कान देऊन बसली, तर ती जागा कुंटणखाना ठरते.

मला या व्याख्येचा राग येतो. अक्कांना विचारा, धंद्यात जिवाची राखण कशाने होते. त्या एकच उत्तर देतील, दुसऱ्या बाईने. आणि कायदा एकटीला मोकळं ठेवतो, दोघींना धरतो.

*

कलम ७: देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना अशा जागांपासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मी आमच्या शहराच्या नकाशावर पेन्सिलीने गोल काढत बसले. मारुतीची देवळंच इतकी आहेत की गोलांच्या बाहेर राहिला तो नदीकाठ, मार्केट यार्डाची मागची बाजू आणि बायपास. म्हणजे जिथे रात्री हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं, नेमक्या त्या जागा.

कलम ८ रस्त्यावर, खिडकीत उभं राहून गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल. पहिल्या वेळी बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर तीन महिन्यांपर्यंत.

*

'उचल' हा शब्द आमच्या भागात ऊसतोडीमुळे लहान पोरालाही माहीत. कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, मुकादम आगाऊ पैसे देतो ती उचल. धंद्यातही हाच शब्द. घरवाली (कुंटणखाना चालवणारी) किंवा दलाल सुरुवातीला हात सैल सोडतात, साडी, मोबाइल, मुलीच्या शाळेचे पैसे. मग फेड. फेड संपत नाही, कारण वही त्यांच्याकडे असते.

अक्कांचा सल्ला इथे आवाज चढवून: "उचल घेतलीस की तू तुझी न्हाईस. उपाशी ऱ्हा, पर उचल घिऊ नगं. कोण म्हणालं गिऱ्हाईक मी आणतो, निम्मे माझे, त्येलाबी न्हाई म्हण."

बाईंनी विचारलं, "मग कारखाना सोडू का?" अक्का हसल्या. "सोडतीस कशाला? पगार चालू हाय तवर तुझ्या तोंडात न्हाई म्हणायची ताकद हाय."

*

फोनबद्दल अक्कांना फारसं कळत नाही. ते मी वस्तीतल्या तरुण पोरींकडून गोळा केलं. आता बहुतेक धंदा फोनवरच ठरतो, आणि घात करणाऱ्यालाही फोनच सापडतो.

गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे पाठवले की त्याच्या स्क्रीनवर बाईचं बँकेतलं पूर्ण नाव उमटतं. टोपणनाव घेऊन काय उपयोग? एका पोरीला असंच आडनावावरून गाव शोधून, थेट भावाला फोन करीन म्हणून महिनाभर छळलं. म्हणून रोख, आणि आधी. पैसे 'पाठवल्याचा' स्क्रीनशॉट दाखवला तर आपल्या खात्यात जमा दिसेपर्यंत थांबायचं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी क्यूआर पाठवून पिन टाका म्हणालं तर तो पैसे काढून घेतोय.

कामाचं सिम वेगळं. मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर जो नंबर आहे तो कुणालाही द्यायचा नाही. ट्रूकॉलरवर आपलं काय नाव दिसतं ते मैत्रिणीच्या फोनवरून बघून घ्यायचं.

फोटोत चेहरा नको, हे सगळ्यांना कळतं. गोंदण, मंगळसूत्र आणि मागच्या भिंतीवरचं पतपेढीचं कॅलेंडर राहून जातं. कॅलेंडरवर शाखेचं नाव असतं.

कुणी फोटो पसरवीन म्हणून पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. दिले की पुढच्या आठवड्यात पुन्हा मागतो. मेसेज पुसायचे नाहीत, तोच पुरावा. सायबरचा नंबर १९३०. तक्रार धमकीची आणि खंडणीची असते. बाई काय काम करते यावर ती अवलंबून नसते.

*

मिस्ड कॉल. ही अक्कांची पद्धत, मोबाइल आल्यापासून चालू आहे. खोलीत जाण्याआधी एक मिस्ड कॉल, बाहेर आल्यावर दोन. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत दोन आले नाहीत तर अक्का स्वतः फोन लावतात आणि विचारतात, "दूध नासलं का गं?" "न्हाई" आलं तर ठीक. "नासलं" आलं, किंवा फोनच उचलला नाही, तर अक्का लॉजच्या काउंटरला फोन करतात, आणि तिथून हललं नाही तर ११२.

त्यासाठी लॉजचं नाव, खोली क्रमांक, गाडीचा नंबर आधी कळवलेला हवा. आयत्या वेळी जागा बदलली तर जायचंच नाही. या एका नियमाला अक्का कुणालाही सूट देत नाहीत.

*

खोलीत गेल्यावर (अक्कांनी बोटांवर मोजत सांगितलेलं, त्याच क्रमाने): मोरी आधी उघडून बघ, दुसरा कोण हाय का. कडी कशी उघडते ते बघून ठेव. दाराकडच्या बाजूला बस. गळ्यात ओढणी, साखळी काही नको, केस सोडून जाऊ नको, अंबाडा घाल. त्यानं आणलेलं खायचं न्हाई, प्यायचं न्हाई, पाण्याची बाटली आपली. तो प्यालेला असला तर परत फिर. तू प्यायलेली असलीस तर जाऊच नको.

आणि पोटात गोळा आला तर? "तर उठायचं. पैसं परत द्यायचं आन उठायचं. पोट खोटं बोलत न्हाई."

*

यापुढचं माझं क्षेत्र.

निरोध खोबरेल तेलाने फाटतो. आमच्याकडे निम्म्या तक्रारींमागे खोबरेल, नाहीतर व्हॅसलीन असतं. पाण्यावर आधारलेलं जेल वापरायचं. एकावर एक दोन चढवले की घासून दोन्ही फाटतात. पाकिटावरची तारीख बघायची. उन्हात पर्समध्ये महिनाभर राहिलेलं पाकीट फेकून द्यायचं. प्रकल्पाकडून निरोध फुकट मिळतात, पुन्हा मागायला लाजायचं नाही.

सुरू करण्याआधी एकदा सगळी तपासणी: एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. आधीची स्थिती माहीत असली की पुढचं कळतं. हिपॅटायटिस बी ची लस घ्यायची; पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. यालाच मी धीर धरणं म्हणते. पुढे दर तीन महिन्यांनी क्लिनिक, वर्षातून दोनदा एचआयव्ही आणि सिफिलिस. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि निकाल कुणाला सांगताही येत नाही.

निरोध फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली तर ७२ तासांच्या आत सरकारी इस्पितळ किंवा एआरटी केंद्र गाठायचं. जितकं लवकर तितकं बरं. त्याच रात्री गेलात तर उत्तम. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. 'सोमवारी बघू' म्हणणाऱ्या बाया माझ्यासमोर गुरुवारी येऊन बसल्या आहेत, आणि मला त्यांना खिडकी बंद झाल्याचं सांगावं लागलं आहे. १०९७ हा एचआयव्ही हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवावा.

*

"बिननिरोधाचे दुप्पट देतो." हे प्रत्येक बाईने ऐकलेलं वाक्य. मी अनेक वर्षं समजत होते की बाया माहिती नसल्यामुळे हो म्हणतात. माहिती सगळ्यांना असते. ज्या दिवशी दुप्पट पैसे म्हणजे उद्याचं भाडं असतं, त्या दिवशी माहिती कमी पडते. पुन्हा अक्कांचा डबा.

*

२०२०. लॉकडाऊनमध्ये हे उघडं पडलं. मार्चअखेर वस्त्या बंद झाल्या आणि १५ दिवसांत बाया फोन करून तांदूळ मागू लागल्या. त्या वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की ओळखपत्राचा आग्रह न धरता या महिलांना शिधा द्या. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये जाहीर केले, शाळकरी मुलं असतील तर वर २,५००. ज्यांचं बँकेत खातं होतं त्यांचं काम सोपं झालं. नुसत्या टोपणनावाने जगलेल्यांना आधी स्वतःला सिद्ध करावं लागलं.

म्हणून नव्या बाईला मी सांगते: कामाचं नाव हवं ते घ्या. आधार, रेशन कार्ड, पासबुक मात्र खऱ्या नावाचं, स्वतःच्या ताब्यात. कुणाकडेही 'जपायला' ठेवायचं नाही.

*

कोलकात्यात सोनागाछी वस्तीतल्या बायांनी १९९५ साली स्वतःची सहकारी पतसंस्था काढली, उषा. डॉ. स्मरजित जाना तिथे १९९२ पासून आरोग्याचं काम करत होते. रोगाचं बोलता बोलता त्यांना बायांनी सावकाराचं बोलायला लावलं. नोंदणीच्या वेळी गृहिणी म्हणून नोंदवा असं सुचवलं गेलं, ते बायांनी नाकारलं. आपल्या कामाच्या नावानेच संस्था नोंदवून घेतली. सहकाराची पंढरी आपण म्हणवतो, पण ही पतपेढी तिकडे झाली याची मला चुटपुट लागून राहते.

आपल्याकडे सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून, आणि तिच्यातून उभी राहिलेली बायांची स्वतःची संघटना व्हॅम्प, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, १९९६ पासून. अमेरिकी मदतीला अट आली की वेश्याव्यवसायाचा निषेध लिहून द्या. २००५ साली संग्रामने अट मानण्यापेक्षा पैसे सोडले. निधी गेल्यावर प्रकल्पाची काय अवस्था होते ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या निर्णयाची किंमत मला कळते.

*

न्यूझीलंडचा या धंद्याबद्दलचा कायदा इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि तिघींनी मिळून वाचला. मी मराठीत सांगत होते. २००३ चा. संसदेत ६० विरुद्ध ५९ मतांनी, एका मताने पारित झाला. चारपर्यंत बायांनी एकत्र, कुणी मालक नसताना, आपापली कमाई आपापल्याकडे ठेवून काम केलं तर परवाना लागत नाही. ठरलेला व्यवहार मोडून कुठल्याही क्षणी नाही म्हणण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. निरोध न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला दंड आहे. तिथल्या बायांची संघटना १९८७ पासूनची. मात्र तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्यांना हे काम करण्याची मुभा नाही. शिकायला गेलेल्या आपल्या मुलीने पैशांसाठी असा विचार केला तर या कायद्याचं छत्र तिच्यावर नाही, आणि धमकावणाऱ्याला ते ठाऊक असतं.

अक्कांनी एकच गोष्ट दोनदा विचारली. "चौघी? एका घरात? आन पोलिस येत न्हाईत?"

*

पोलिस आले तर. बाईंना एका कागदावर लिहून दिलं: झडती घेताना किमान दोन महिला पोलिस हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी सांगितलं आहे, की धंद्यातल्या महिलांशी पोलिसांनी सन्मानाने वागावं, शिवी-मारहाण करू नये. निरोध जवळ असणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईला ती कुठलंही काम करत असली तरी इतर कुणाही पीडितेइतकीच वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. छाप्यात सापडलेल्या बाईचं नाव, चेहरा माध्यमांनी दाखवू नये. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुण महिलांना सुधारगृहातून सोडायचा आदेश देताना म्हटलं होतं, की सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे.

कागद पाकिटात ठेवला म्हणून हवालदार तो वाचेल असं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाचा नंबर त्याच कागदाच्या मागे लिहिला. वकील फुकट मिळतो, हे बहुतेक बायांना माहीतच नसतं.

*

त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला झोपू देत नव्हता. "मुलगी अठराची झाली की?" पिटाचं कलम ४: अठरा वर्षांवरच्या व्यक्तीने वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणं हा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. आईच्या पैशांवर कॉलेज शिकणारी मुलगी या व्याख्येत सापडू शकते. म्हाताऱ्या आईलाही तोच धोका. मी त्यांना खरं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पाच वर्षं आहेत माझ्याकडे," आणि कागदावर लिहून घेतलं.

*

सप्टेंबर: बाईंनी पोस्टात आरडी उघडली. लसीचा पहिला डोस.

ऑक्टोबर: दुसरा डोस. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ भरली. अक्का घरी जाऊन डबे हलवून बघून आल्या. डाळ कमी आहे म्हणाल्या.

नोव्हेंबर: काही नाही. दिवाळीत कारखान्यात जादा पाळी केली.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. पहिला माणूस ठरला होता. लॉजचं नाव, खोली, गाडी, सगळं अक्कांना कळवलं होतं. दारात गेल्या तर दारूचा वास आला आणि आत दुसऱ्या कुणाच्या चपला दिसल्या. उलट पावली जिना उतरल्या. रिक्षात बसल्यावर हात कापायला लागले म्हणाल्या.

"अक्कांना दोन मिस्ड कॉल दिलेत?"

"दिले. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं विचारलं, जेवलीस का."

लसीच्या कार्डावर तिसऱ्या डोसची तारीख मागच्या वेळी लिहायची राहिली होती. मार्च, पहिला आठवडा. ती लिहून दिली.